पोळ्याच्या दुपारी प्रत्येकाच्या हातात दोर होता

भंडारा जिल्ह्यातील ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी आहे, तेथे पोळ्याला बैलाने मारलेले रुग्ण येणार हे गृहीत धरलेले असते. पाण्याची मात्र कोणी धास्ती घेत नाही, वास्तविक त्याच दिवशी अख्खे गाव बैल धुवायला तुडुंब भरलेल्या मालगुजारी तलावावर उतरते.

गेल्या पोळ्याला दोन चुलतभावांना आणले. बैल धुता धुता धाकटा, तलावातील गाळ काढताना जेसीबीने खोदलेल्या खड्ड्यात गेला होता आणि त्याला काढायला थोरला उतरला होता. पोहता दोघांनाही येत नव्हते. थोरला आमच्याकडे पोहोचण्याआधीच गेलेला होता.

धाकटा वाचला, त्याचे श्रेय एका ढिवर मासेमाराचे आहे. डोंग्यातून मुलाला काठावर आणताच लोक पोट दाबायला धावले. त्यांना दूर सारून त्याने मुलाचे नाक चिमटीत धरले आणि तोंडाने श्वास दिला. बुडालेल्याचे हृदय प्राणवायूअभावी थांबते, म्हणून पहिले पाच श्वास द्यायचे आणि मगच छातीवर ३० दाब व २ श्वास हा क्रम धरायचा. पोट दाबले तर आतले पाणी व अन्न घशात येऊन फुप्फुसांत उतरते. वैनगंगेकाठच्या गावात पूरबचावाच्या प्रशिक्षणात तो हे शिकला होता. तलावांच्या गावांना ते प्रशिक्षण मिळत नाही, कारण ती पूरग्रस्तांच्या यादीत नाहीत.

मुलगा बोलू लागताच नातेवाईक त्याला घरी न्यायला निघाले. गार बोटावर ऑक्सिमीटरचा आकडा भरवशाचा नव्हता, पण छातीत बुडबुड्यांसारखा आवाज येत होता. तासाभरात श्वास वाढला, तेव्हा ऑक्सिजन लावून त्याला जिल्हा रुग्णालयात पाठवले.

थोरल्याचे वडील मला म्हणाले, “डॉक्टरसाहेब, दोर तं आमच्या हातातच होते ना?” खड्डा काठापासून काही हातांवर होता. समुद्रकिनाऱ्यावरचा जीवरक्षकसुद्धा आधी काही फेकता येते का ते पाहतो आणि उतरलाच तर तरंगते साधन घेऊन उतरतो. प्रत्येक तलावावर जीवरक्षक नेमता येणार नाही, हे मला कळते. परंतु दोर फेकायला शिकवण्यास कोणते पद मंजूर व्हावे लागते? सहा वर्षांपुढील मुलांना पोहणे व सुरक्षित बचाव शिकवावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

२५ जुलैला, जागतिक बुडणे प्रतिबंध दिनी, शाळेत दोर फेकण्याचा सराव घ्यायला मुख्याध्यापक तयार आहेत. खड्ड्यांभोवती बांबू रोवून लाल कापड बांधायला ग्रामपंचायतीनेही होकार दिला आहे. गाळ काढताना काठाला उतार ठेवूनच खोदावे, ही अट मात्र अजून कोणी अंदाजपत्रकात घालत नाही.