एल्कहार्टहून फिफ्थ व्हील आणताना: सही करण्याआधी दोन रात्री आतच झोपा

आधी निकाल सांगते. नवी कोरी फिफ्थ व्हील, म्हणजे पिकअप ट्रकच्या पाठीवर अडकवून ओढायचं चाकांवरचं घर, घेत असाल, तर विक्रेत्याच्या आवारातच वीज-पाणी जोडून दोन रात्री त्यात झोपा आणि मगच उरलेले पैसे द्या. तो तयार नसेल तर उठा आणि पुढच्या दुकानात जा. एल्कहार्टमध्ये दुकानांना तोटा नाही.

आम्ही दोघं न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मी चोवीस वर्षं औषधाच्या कंपनीत क्वालिटीत काढली, त्यामुळे एखादी वस्तू तपासून घेणं मला नवीन नाही. निवृत्तीनंतर हिवाळा ॲरिझोना-टेक्सासकडे आणि उन्हाळा उत्तरेला असं चार-पाच वर्षं फिरायचं, हे आमचं जुनं ठरलेलं. अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही, म्हणजे अशी चाकांवरची घरं, इंडियानातल्या एल्कहार्टच्या आसपास बनतात आणि तिथे भावही बरा मिळतो. म्हणून ऑक्टोबरात ट्रक घेऊन सातशे मैल गेलो. जातानाच्या दोन दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. जवळच्या शिपशेवाना गावाला एक दुपार गेलो, तीही छान गेली.

दिशाभूल मात्र निघण्याच्या महिनाभर आधी, फोनवरच सुरू झाली होती. आमच्याकडे थ्री-क्वार्टर टन डिझेल ट्रक होता. विक्रेता म्हणाला, तुमचा ट्रक चौदा हजार पौंड ओढतो, ही तर भरून साडेबारा हजारांची, काळजीच नको. ओढण्याचा आकडा इथे कामाचाच नाही. फिफ्थ व्हीलच्या वजनाचा पाचवा भाग, कधी कधी चौथा, पुढच्या जोडणीच्या पिनवरून थेट ट्रकच्या पाठीवर येतो. ट्रक किती पेलतो ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. आमच्या ट्रकवर २,१८० पौंड होते. त्यातून आम्ही दोघं आणि हिच (ती पिन पकडणारी ट्रकवरची जोडणी) वजा केल्यावर सतराशेच्या आसपास उरले, आणि येणार होते अडीच हजार. यांनी तो स्टिकर वाचला म्हणून कळलं. ट्रक विकून त्याहून जास्त वजन पेलणारा वन-टन घेतला. तो खर्च बजेटमध्ये नव्हता, पण त्याला पर्यायही नव्हता. ब्रोशरमधलं पिनचं वजन रिकाम्या गाडीचं असतं, त्यावर काहीही ठरवू नका.

आता ताबा घेण्याचा दिवस. ‘आमच्या माणसानं सगळं तपासलंय,’ असं सांगून एक तरुण मुलगा तासाभरात आम्हाला गाडी दाखवायला आला. बटणं दाबली, स्लाइड-आउट, म्हणजे बाहेर सरकणाऱ्या भिंती, आत-बाहेर केल्या, टीव्ही लावला. मग ‘हीटर बघा’ म्हणत त्यानं पाणी तापवायच्या टाकीचं विजेचं बटण दाबलं. टाकीत पाणी होतं की नाही, हे त्यानं पाहिलंच नव्हतं. मी बाहेर जाऊन टाकीचा प्रेशर व्हॉल्व्ह उचलला, तर नुसती हवा. कोरड्या टाकीत तो एलिमेंट बघता बघता जळतो. आमचा जळालाच, आणि दुपारी त्यांना नवा बसवावा लागला. गाडी तपासणाऱ्या माणसाला एवढं माहीत नसेल, तर त्याच्या सहीच्या कागदाला किती किंमत द्यायची ते तुम्हीच ठरवा.

त्या क्षणी मी सांगितलं की आज सही होणार नाही. मॅनेजर आला, बरंच बोलणं झालं. शेवटी आवाराच्या मागच्या बाजूला जोडणी करून दिली. पहिली रात्र शांत गेली. आतली हवा तापवणारी भट्टी चालली, फ्रिज गार झाला, अंघोळीला गरम पाणी आलं. हे म्हणाले, ‘झालं की आता, उद्या सकाळी निघू.’ मी म्हटलं, अहो, अजून गाडीच्या साठवणीच्या टाकीतल्या पाण्यावर चालवून बघितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाहेरची नळी काढली, टाकी भरली, पंप चालू केला, सगळे नळ बंद केले आणि झोपलो. दोनच्या सुमाराला पंप दोन सेकंद ‘टर्र’ वाजला. वाटलं, नळ नीट बंद नसेल. उठून सगळे पाहिले, कोरडे होते. सहा मिनिटांनी परत टर्र. घड्याळ लावून बसले, दर सहा मिनिटांनी तेच. नळ बंद असताना पंप वाजतो याचा बहुतेक वेळा एकच अर्थ, पाणी कुठेतरी जातंय. बाहेरची नळी जोडलेली असताना दाब बाहेरून येतो आणि पंप बंदच असतो, म्हणून ही गळती पहिल्या रात्री कळली नाही.

सकाळी टॉर्च घेऊन गाडीखाली गेले. पोटाला काळ्या प्लास्टिकचा पत्रा असतो, तो एका जागी फुगून खाली आला होता. बोटांनी दाबला तर आत पाणी डुचमळलं आणि कडेच्या स्क्रूमधून गार धार माझ्या बाहीत आली. पत्रा उघडल्यावर दिसलं की फरशीत मारलेला एक लांब स्क्रू पाण्याच्या पाइपात घुसला होता. कारखान्यापासून तो तसाच होता. आम्ही ती गाडी तशीच घेऊन निघालो असतो, तर महिन्याभरात फरशीचं प्लायवूड कुजायला लागलं असतं, आणि मग दुरुस्तीच्या रांगेत आमचा नंबर कधी लागला असता देव जाणे. सही होईपर्यंत तुम्ही महत्त्वाचे. सही झाली की तुमची गाडी कुंपणाआड आणि तुम्ही हॉटेलात.

बाकी जे सापडलं ते भरभर सांगते. रात्री मी आत टॉर्च घेऊन आणि हे बाहेर असे स्लाइडच्या कडांभोवती फिरलो, मागच्या कोपऱ्यात खालचं रबर फाटलेलं होतं, प्रकाश सरळ बाहेर दिसत होता. छतावर स्कायलाइटच्या एका बाजूला सीलंटच नव्हतं, म्हणून छतावर चढाच, खाली उभं राहून ते दिसत नाही. एका सॉकेटच्या वायरी उलट्या जोडल्या होत्या, तीन दिव्यांच्या छोट्या टेस्टरनं पाच मिनिटांत कळलं. बेडरूमच्या गरम हवेच्या जाळीत हात घातला तर भुसा, तीन स्क्रू, आणि डक्ट जोडलेलाच नाही. गाडी नवी, पण टायर दोन वर्षांचे. टायरवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. भिंतींवरून हात फिरवून फुगवटे बघा. पुढच्या टोकाला, जिथे पिनची पेटी भिंतीला मिळते, तिथे भेग पडलेली दिसली तर ती गाडी घेऊच नका. दाराजवळचा आरव्हीआयएचा, म्हणजे आरव्ही उद्योगाच्या संघटनेचा, शिक्का बघून भुलू नका. वीज, गॅस, नळ आणि आगीच्या नियमांप्रमाणे गाडी बनवल्याचा तो कारखान्याचा दाखला असतो, काम सुबक झालंय असं तो सांगत नाही.

स्वतः खाली झोपणं, वर चढणं जमत नसेल तर स्वतंत्र इन्स्पेक्टर लावा, विक्रेत्यानं सुचवलेला नको. हजार डॉलरच्या आसपास जातील. जुनी गाडी असेल तर हा खर्च टाळूच नका.

पैशाचं. छापील किमतीवर पंचवीस-तीस टक्के सूट मागायला लाजू नका. आम्हाला ती मिळाली आणि मग शेवटच्या कागदावर ‘तयारी शुल्क’ १,४९५ डॉलर निघाले. कसली तयारी? एलिमेंट जाळला ती? मी ती ओळ खोडायला लावली. खोडली. वाढीव वॉरंटी, टायर संरक्षण, कापडावरचा फवारा, सगळ्याला नाही म्हणा. निवृत्तांनी मूळ वॉरंटी मात्र अक्षर न् अक्षर वाचावी. बऱ्याच कंपन्या त्यात कायम राहण्यासाठीचा वापर वगळतात, म्हणजे घर विकून त्यातच राहणार असाल तर पहिल्या दिवसापासून वॉरंटी नाही. फ्रिज, एसी, ॲक्सल यांच्या वॉरंट्या त्या त्या कंपन्यांच्या, वेगळ्या. आणि लेमन कायद्यावर, म्हणजे सदोष नव्या गाडीच्या ग्राहकाला संरक्षण देणाऱ्या कायद्यावर, फार विसंबू नका. टेक्सासच्या कायद्यात ओढून न्यायच्या गाड्या येतात, पण बऱ्याच राज्यांत येत नाहीत.

चौथ्या दिवशी सगळं दुरुस्त झाल्यावर सही केली. निघण्याआधी ओढून बघा: ट्रेलरचे पुढचे टेकूचे पाय जमिनीपासून जेमतेम उचलायचे, ट्रेलरचे ब्रेक हातानं दाबायचे आणि ट्रक हळूच पुढे घ्यायचा. पिन हिचच्या जबड्यात बसण्याऐवजी वरच टेकलेली असेल तर गाडी ट्रकच्या कडांवर आदळते. चाकांचे नट १०, २५ आणि ५० मैलांवर टॉर्क रेंचनं परत आवळा. आमचे दोन पंचविसाव्या मैलाला ढिले निघाले. पहिल्याच ट्रकस्टॉपवर कॅट स्केलवर, म्हणजे ट्रक तोलायच्या काट्यावर, वजन केलं, ट्रकच्या पाठीवर २,४८० पौंड. ब्रोशर म्हणत होतं १,८५०.

ओहायो टर्नपाइक हा टोलरस्ता सपाट आहे, डोळे मिटून येता येईल. पेनसिल्व्हेनियात आय-८० महामार्ग चढउताराचा आहे, क्लिअरफील्ड काउंटीत २,२५० फुटांवर पाटीच आहे की मिसिसिपीच्या पूर्वेला आय-८०वरची ही सर्वांत उंच जागा. वाऱ्याच्या झोताबरोबर ट्रकची शेपटी हलत होती. ताशी साठ मैलांच्या वर जाऊ नका, मागून कोणी कितीही हॉर्न वाजवो. जुना ट्रक असता तर त्या उतारांवर काय झालं असतं, हा विचार मी अजून करते.

त्या रात्री डोंगरातल्या एका कॅम्पग्राउंडवर थांबलो. नळी जोडली नाही, मुद्दाम टाकीवरच राहिलो, पंप चालू. मी अंथरुणात ऐकत पडले होते. सकाळी सहाला यांनी चहासाठी नळ सोडला, तेव्हा पंप पहिल्यांदा वाजला.