पळायला लागले आणि कंबर धरली : माझा अनुभव

पळायला सुरुवात करून जेमतेम पाच आठवडे झाले होते तेव्हा कंबर धरली. पळताना काहीच दुखलं नव्हतं हे आधी सांगते, कारण त्यामुळेच मला नेमकं कशाने झालं ते कळायला वेळ लागला. पळून आले, आंघोळ केली, दोन तास खुर्चीत बसून काम केलं आणि उठायला गेले तर सरळच होता येईना. उजव्या बाजूला, पँटच्या पट्ट्याच्या जरा वर. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजे घालायला वाकता येईना, पलंगावर आडवं पडून गुडघा छातीशी ओढून कसेबसे घातले.

मग जे बहुतेक जण करतात तेच मी केलं, चार दिवस झोपून राहिले. त्याने कंबर अजूनच आखडली. जो तो सांगत होता पळणं सोड, मणके झिजतील, आणि मला खरंच भीती वाटायला लागली होती की आपण कायमचं काहीतरी करून घेतलं.

डॉक्टरांकडे गेले ते एमआरआय करायचाच असं ठरवून. त्यांनी आडवं झोपवून एकेक पाय सरळ वर उचलून पाहिला, गुडघ्यावर हातोडीने टकटक केलं, टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावलं. लघवी-शौचावरचा ताबा गेलाय का, दोन मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आहे का, पायातली ताकद कमी झालीये का, ताप, वजन घटणं, रात्री झोपमोड करणारं दुखणं, सगळं विचारलं. सगळ्याला नाही म्हटल्यावर म्हणाले, आत्ता एमआरआय नको. मला तेव्हा राग आला होता. पण त्यांनी समजावलं की काहीही दुखत नसलेल्या कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्येसुद्धा फुगलेली डिस्क (दोन मणक्यांमधली गादी) दिसते, वय वाढेल तसं जास्तच, त्यामुळे रिपोर्ट बघून भीती तेवढी वाढेल आणि करायचं तेच असेल. आता मला ते पटतं. मात्र ताबा जाणं, तो बधिरपणा किंवा पायातली ताकद जाणं यातलं काहीही असेल तर कृपा करून वाट बघू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

झोपू नका, चाला, असं सांगून त्यांनी फिजिओकडे पाठवलं आणि तिथे खरा उलगडा झाला. पाठीवर झोपून एका पायावर कुल्ले वर उचलायचे (सिंगल लेग ब्रिज), डाव्या पायावर जमलं, उजव्या पायावर कंबर लगेच खाली कलली. फिजिओ म्हणाल्या, पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर येतो, कुल्ल्यांचे स्नायू तो पेलायला कमी पडले की कंबरेच्या स्नायूंना जादा काम पडतं, त्यात मी पाच आठवड्यांत 20 मिनिटांवरून 45 मिनिटांवर गेले होते आणि बाकीचा दिवस बसून, त्यामुळे जांघेतले स्नायूही आखडलेले. मोबाईलवर माझा पळतानाचा व्हिडिओ काढला तर पाय शरीराच्या खूप पुढे पडत होता. मिनिटाला 152 पावलं भरली. ती मेट्रोनोमच्या (ठरावीक वेगाने टकटक करणाऱ्या ॲपच्या) ठोक्यावर 160 पर्यंत न्यायची, म्हणजे पाऊल आपोआप छोटं होतं आणि आदळणं कमी होतं. नवीन शूज मी आधीच घेऊन बसले होते, त्याने काही फरक पडला नव्हता.

व्यायाम तीनच होते, ब्रिज, साइड प्लँक (कुशीवर, एका कोपरावर अंग उचलून धरायचं) आणि बर्ड डॉग. बर्ड डॉग दिसायला एकदम सोपा, गुडघे-हात टेकून एका बाजूचा हात आणि दुसऱ्या बाजूचा पाय लांब करायचा. पण कंबरेवर पाण्याची बाटली आडवी ठेवून ती पडू न देता करून बघा, पहिल्या आठवड्यात माझी दर वेळी पडायची. ज्या दिवशी दहाच्या दहा वेळा बाटली हलली नाही त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे बरं होणारे.

पळणं परत सुरू केलं ते आधी 20 मिनिटं भरभर चालून, मग एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल. फिजिओंनी नियम दिला होता तो मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला : पळताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्वीइतकं खाली आलं पाहिजे, नाही आलं तर पुढच्या वेळी कमी पळायचं. म्हणजे निकाल पळताना नाही, सकाळी लागतो. मी मोज्यांवरून ठरवायचे, उभ्याने वाकून घालता आले तर आज पळायचं, बसून घालावे लागले तर नुसतं चालायचं.

सहाव्या आठवड्यात बरं वाटतंय म्हणून उतारावर जोरात पळाले आणि परत कंबर धरली. रडूच आलं. पण या वेळी झोपून राहिले नाही, दर तासाला थोडं थोडं चालत राहिले, आणि तीन दिवसांत मोजे उभ्याने घालता आले.

आता चार महिने झालेत, आठवड्यातून तीनदा न थांबता 30 मिनिटं पळते, काम करताना चाळीस मिनिटांनी अलार्म लावून उठते. उजव्या बाजूचा साइड प्लँक अजून 25 सेकंदच टिकतो, डावा 40. तो बरोबरीला येईपर्यंत पळण्याची वेळ वाढवायची नाही असं फिजिओंशी ठरलंय.