कात्सुनुमाची वाइन आणि निफाडचे बागायतदार

मी तोक्योत जपानी-मराठी दुभाषी आहे. माझं बहुतेक काम कारखान्यांत चालतं. त्या ऑक्टोबरात मात्र निफाडकडच्या अकरा द्राक्ष बागायतदारांना घेऊन यामानाशी प्रांतातल्या कात्सुनुमाला जायचं होतं. आदल्या रात्री मला नीट झोप लागली नाही. यंत्रांचे शब्द मला पाठ आहेत, चवीचे नाहीत.

बागेत माझी गरज फारशी पडलीच नाही. तिथं वेली मांडवावरच चढवतात. तारा आणि डांब बघताच मंडळी आपसात बोलायला लागली. घडांवर पावसापासून जपायला कागदी टोप्या घातल्या होत्या. त्या बघून सगळ्यांत वयस्कर आबा एका घडाखाली बराच वेळ उभे राहिले. अवकाळीत गेलेल्या बागा त्यांना आठवत असणार.

मालकानं वाणाचं नाव सांगितलं, मस्कट बेली ए. निइगाता प्रांतातले जमीनदार कावाकामी झेन्बेई यांनी १८९० मध्ये स्वतःच्या जमिनीवर द्राक्षमळा उभा केला. पण युरोपातल्या वेली तिथल्या बर्फात आणि दमटपणात टिकेनात. म्हणून त्यांनी दहा हजारांवर संकर केले. त्यातून २२ वाण निघाले. टेक्सासचा बेली आणि युरोपातला मस्कट हॅम्बर्ग या दोन वाणांचा हा संकर १९२७ चा. हे सांगताना माझा आवाज जड झाला. एका माणसानं एवढी वर्षं रोपं लावावीत आणि बहुतेक उपटून टाकावीत, हे त्या अकरा जणांना मी वेगळं समजवायची गरज नव्हती.

अडचण आली रात्री, कोफू शहरातल्या एका उपाहारगृहात. बेली ए आणि मर्लो या दोन द्राक्षवाणांच्या मिश्रणाची लाल वाइन ओतली गेली आणि तिच्यासोबत आधी कच्च्या माशाचं ताट आलं. एका तरुण बागायतदारानं मासा खाऊन घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ताई, लोखंड चाटल्यासारखं लागतंय. आणि वाइन पण पातळच आहे." बागेचा मालक माझ्याकडे बघत होता. हे वाक्य जसंच्या तसं जपानीत न्यावं का?

मी नेलं. मालक जराही दुखावला नाही. वाइनमधल्या लोहाची माशातल्या स्निग्धांशाशी गाठ पडली की तोंडात उग्र वास उठतो, असं त्यानं समजावलं आणि ताट परत पाठवलं. मग कोळशावर भाजलेली कोंबडी मागवली, 'तारे' लावलेली. तारे म्हणजे सोया सॉस, मिरिन ही तांदळाची गोड दारू आणि साखर आटवून केलेला दाट रस. बेली ए तोंड आवळत नाही, तिच्या वासात गोडवा असतो. मर्लो तिला अंग देते. गोड-खारट, जरा करपलेल्या घासावर तीच वाइन एकदम भरून आली. तरुणानं दुसरा घोट घेतला, मग तिसरा. पातळ हा शब्द पुन्हा कुणी काढला नाही. या वाइनला मसालेदार रश्शाशेजारी बसवू नये, असं मला तेव्हापासून ठाम वाटतं. मांस-भाज्यांची गोडसर सुकियाकी, तारे लावून भाजलेला ईल मासा, बटाटे-मांसाचं निकुजागा, हे तिचे सोबती.

आबा माळकरी. त्यांच्यासाठी मी सकाळीच उपाहारगृहात फोन करून ठेवला होता. जपानी स्वयंपाकात वाळवलेल्या बोनिटो माशाचा अर्क कुठेही असतो आणि मिरिनमध्ये दारूचा अंश असतो. म्हणून वांगं तेलात परतून त्यावर मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची चटणी, आणि साखर एवढंच लावा, पाणी कोंबू या समुद्री वनस्पतीचं घ्या, असं मी दोनदा बजावलं होतं. आचाऱ्यानं तव्यापासून सगळं वेगळं ठेवलं. आबांनी पहिला घास खाल्ला, थांबले आणि म्हणाले, "वांगं आपलंच आहे की."

मग त्यांनी शेजाऱ्याचा पेला उचलला. मी घाबरले. पण त्यांनी फक्त वास घेतला, डोळे मिटून. "यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आहे."

मी ते मालकाला सांगितलं. त्यानं हातातली बाटली खाली ठेवली. स्ट्रॉबेरीला वास देणारं फ्युरानिऑल नावाचं द्रव्य बेली ए मध्येही असतं, आणि कधी तोडणी करायची हे तो त्याच वासावर ठरवतो. न पिणाऱ्या पाहुण्यानं ते ओळखलं होतं. त्यानं आबांपुढे कमरेत वाकून नमस्कार केला. आबांनी हात जोडले, पेला जागेवर ठेवला आणि मला म्हणाले, "विचार त्यांना, यंदा पावसानं किती घड गेले?"