तुम्ही विचारलंत म्हणून: सॉ मिलला सील कशाला?

वनपाल म्हणून निवृत्त झालो, तरी चोरट्या तोडीचं लाकूड चिरणाऱ्या सॉ मिलचा, म्हणजे लाकूड चिरायच्या गिरणीचा विषय निघाला आणि पाटण-कराडकडचं कुणी भेटलं की हा प्रश्न येतोच: "दंड भरायला माणूस तयार आहे ना? मग सॉ मिलचं लायसन कशाला सस्पेंड करायचं? दहा जणांच्या पोटावर पाय!"

आधी दंडाचं ऐका. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात बेकायदा तोडीला मुळात जास्तीत जास्त दंड होता १,००० रुपये. आजोबांच्या हातच्या आंब्याचा एक बुंधा कितीला जातो, ते वखारीत विचारून या. दंड भरायला माणूस तयार असणारच, तो खर्चात धरलेला असतो.

शिवाय दंड होतो कुणाला? मालकी रानातला हिरडा, आंबा, फणस, ऐन, किंजळ तोडायला परवानगी लागते आणि ती निघते शेतकऱ्याच्या नावावर. ठेकेदार उभी झाडं उक्ती घेतो, पोरीच्या लग्नाला नाहीतर दवाखान्याला पैसे देतो आणि सही घेऊन जातो. परवानगी पाच झाडांची, पडतात वीस. केस मात्र सातबाऱ्यावर नाव असलेल्या म्हाताऱ्यावर. चोर सोडून संन्याशाला फाशी.

कोयना-चांदोलीच्या कडेचा डोंगर केवढा! एका गार्डला एका वेळी एकाच खोऱ्यात राहता येतं. पण ओंडका कितीही आडवाटेनं उतरला, तरी चिरायला आरा लागतोच. आरा हलत नाही, त्याला लायसन असतं आणि आवक-जावकीचं रजिस्टर असतं. म्हणून आम्ही शेवटी डोंगर सोडून तिथं जाऊन बसायचो.

रजिस्टर वाचणं ही वेगळी विद्या आहे. ओंडका चिरला की साल, भुसा, फळकुटं जाऊन माल कमीच भरतो. जावक आवकेच्या बरोबरीला आली की पाणी मुरतंय म्हणून समजायचं. वाहतूक पास, म्हणजे लाकूड नेण्याचा परवाना, बघायचा. सकाळी ढेबेवाडीहून निघालेली गाडी कराडला रात्री पोचते, कारण त्याच पासावर मधे एक खेप टाकून झालेली असते. निलगिरीला पास लागत नाही, म्हणून वर निलगिरी आणि खाली ऐन, तोही वनखात्याच्या हातोड्याच्या खुणेशिवाय, म्हणजे चोरटा. एका ठिकाणी तर महिन्याभराच्या नोंदी एकाच पेनानं, एका बैठकीत उतरवलेल्या. चहाचा डागसुद्धा तीन पानांतून आरपार!

असल्या मालकाला दंडाची भीती नसते, लायसनची असते. जंगलतोडीवरच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली राज्यांना बजावलं, की न्यायालयानंच नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या परवानगीशिवाय नवी सॉ मिल उघडू द्यायची नाही. पुढे हा अधिकार राज्यस्तरीय समितीकडे आला, तरी नवं लायसन काही सहज मिळत नाही. जुनं लायसन माणसं जमिनीसारखं जपतात. तेच काही महिने हातातून गेलं की ठेकेदाराचा माल घेताना मालक पुढच्या वेळी पास उलटून बघतो.

निलंबन म्हणजे कायमचं रद्द नव्हे. आधी नोटीस जाते, म्हणणं मांडता येतं, वर दादही मागता येते. हमालांचं म्हणाल, तर त्यांचे हाल होतात हे खरंच. ते दुसरी वखार धरतात, नाहीतर वीटभट्टीवर जातात. पण त्यांच्या नावानं ऑफिसात येऊन रडणाऱ्या मालकांपैकी बंद काळातली मजुरी दिलेला एकही मला भेटला नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. सील लावताना आतला साठा त्याच दिवशी मोजून पंचनाम्यात घेतला नाही, तर तो मागच्या दारानं जातो. दुसरं म्हणजे मुहूर्त. फाईल फिरत फिरत आदेश निघतो जुलैत. पाटणच्या पावसात तोड तशीही थंडावलेली असते, आरा आठवड्यातून दोन दिवस फिरतो. मालक निमूट किल्ली देतो आणि गणपतीनंतर उघडतो. हाच आदेश फेब्रुवारीत काढून बघा, दुपारच्या आत वकील दारात उभा.