चिंच ओलीच फोडावी

आमच्या धुऱ्यावरच्या चिंचेची एक जाड फांदी दोन वर्षांपूर्वी मृगाच्या वादळात मोडून पडली, तेव्हा वर्षभराचे जळतन घरबसल्या मिळाले असे समजून आम्ही तिचे ओंडके पाडले आणि ते आधी वाळू द्यावेत म्हणून गोठ्यामागे तसेच ठेवून दिले. ती चूक होती. सागाचे लाकूड घावासरशी सरळ फाटते. चिंचेचे धागे मात्र एका थरात एकीकडे आणि पुढच्या थरात दुसरीकडे वळलेले असतात, त्यामुळे भेग पुढे सरकतच नाही. दिवाळीनंतर फोडायला घेतले, तर घणाचे वीसेक घाव खाऊन पाचर जांभळट गाभ्यात अर्ध्यावर रुतली ती रुतलीच. शेजारच्या आजी म्हणाल्या, "बाबू, चिच ओलीच फोडा लागते, वाळली का गोटा होते."

गेल्या पौषात दुसरी फांदी उतरवली, तेव्हा हातभर लांबीचे तुकडे करून ते त्याच आठवड्यात फोडले. मधोमध घाव न घालता कडेकडेने ढलप्या काढत आत गेले, की चिंचही ऐकते. साल सोलून टाकली, कारण सालीखालच्या पिवळट लाकडाला कीड लवकर लागते आणि खाली पिठासारखा भुसा पडू लागतो.

एका फाट्यावर कोळशाने खूण करून मी तो दर पंधरवड्याला तराजूवर ठेवत असे. पौषात तो ४ किलो २०० ग्रॅम होता, वैशाखाच्या अखेरीस ३ किलोंवर आला आणि तिथेच थांबला. कमी झालेले १ किलो २०० ग्रॅम पाणीच होते, आणि १ किलो उकळत्या पाण्याची वाफ करायलाच सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. ओले सरपण धुमसते आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईचे डोळे जाळते ते यामुळेच. आपल्याकडचे ४५ अंशांचे ऊन या कामाला मोठे वरदान आहे. थप्पी दगडांवर उभी-आडवी रचावी आणि पावसाळ्यात फक्त वरून पत्रा टाकावा. चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळली, तर आत बुरशी धरते.

चिंच पटकन पेटत नाही. पऱ्हाटी आणि तुराटीचा जाळ चांगला धरला, की मग दोन फाटे सारावेत. भाकरी होईपर्यंत त्यांचे निखारे असे लालबुंद होतात, की त्यावर वांगी भाजून निघतात आणि वैलावरचे पाणी रात्री उशिरापर्यंत गरम राहते.

पाचर रुतलेला तो ओंडका अजून गोठ्यामागेच आहे. येत्या होळीत तो जाळून पाचर राखेतून काढून घेणार आहे.