बगीच्याचा रस्ता आणि गवतात गेलेली मोरी

काटोल रोडने कळमेश्वरच्या पुढे गेलं की संत्र्याचे बगीचे लागतात. त्यातल्या एका बगीच्याचा रस्ता साफ करायचं काम पोळा-मारबत आटोपल्यावर माझ्याकडे आलं. डांबरी सडकेपासून आतल्या घरापर्यंत चारशेएक मीटरचा मुरमाचा रस्ता. मालक काकाजी नागपूरला बजाजनगरात राहतात, त्यामुळे मागचे दोन पावसाळे तिकडे कुणी पाहिलंच नव्हतं. आता आंबिया बहाराची फळं तोडणीला येणार होती आणि मेटॅडोर झाडांपर्यंत आला नाही तर भाव कमी लावीन, असं व्यापाऱ्यानं बजावलं होतं.

रस्ता म्हणायला दोन चाकोऱ्या उरल्या होत्या. मधोमध छातीइतकं गाजरगवत, दोन्ही कडांनी रायमुनिया, म्हणजे घाणेरी, वाकून आलेली, आणि सखल भागात बेशरमच्या झुडपांचं रान.

"भाऊ, तणनाशक मारून द्या न. चार-आठ दिवसांत मोकळं होते," काकाजी म्हणाले.

मी नाही म्हटलं. ग्लायफोसेट हे तणनाशक आता कुणीही उठून मारायचं औषध राहिलेलं नाही. ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या आदेशानं ते फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांकडूनच मारून घ्यायचं आहे. शिवाय रस्त्याला लागून संत्र्याची झाडं, वाऱ्यानं फवारा पानांवर गेला तर नुकसान काकाजींचंच. आणि २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले. ती कीटकनाशकं होती हे खरं, पण तेव्हापासून पाठीवर पंप दिलेला माणूस पाहिला की माझ्या जिवाला घोर लागतो.

गवत कापायची मशीन लगेच सुरू केली नाही. गमबूट घालून, काठी आपटत आधी पूर्ण रस्ता चाललो. या दिवसांत घोणस अशाच गचपणात बसते. शिवाय गवतातली जुनी काटेरी तार पात्यात गुंतली तर माणूस आणि मशीन दोन्ही जातात. तार निघालीच, चांगली मोठी गुंडाळी होती.

मग कामाची वाटणी केली. कडेचं गवत आणि झुडपांचे शेंडे ब्रश कटरनं. त्याचं पातं खडे उडवतं, म्हणून पंधरा मीटरच्या आत कुणी यायचं नाही. गाजरगवताला मात्र मशीन लावू दिली नाही. वरून कापलं की ते बुडातून पुन्हा फुटतं, आणि एकेका झाडाला हजारोंनी बी धरतं. निंदणाला जाणाऱ्या गावातल्या बाया रोजानं लावल्या. ओल होती, त्यामुळे मुळासकट उपटून येत होतं. सगळ्यांना हातमोजे, पूर्ण बाह्यांचे शर्ट, तोंडाला दुपट्टा. एका मावशीनं उकाड्यानं हातमोजे काढले, तर तासाभरात मनगटावर लाल चट्टे उठले. साबणानं हात धुवायला लावले आणि तिला दुसऱ्या कामावर घेतलं. पांढऱ्या फुलावर आलेली झाडं वेगळी टाकली, कारण ती खताच्या खड्ड्यात गेली तर बी शेतभर होतं.

खरा प्रकार पुढे सखल भागात होता. तिथं चाकोऱ्या रस्ता सोडून शेजाऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढल्या होत्या आणि त्यावरून दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. बेशरम खणून काढताना सब्बल टणकन सिमेंटवर बसली. माती ओढली तर पाइपाचं तोंड! काकाजींना फोन लावला. "अरे हो, आमच्या बाबांनी रस्त्याखालून पाणी जायला मोरी टाकली होती न तिथं," ते म्हणाले. गाळ आणि बेशरमची मुळं यांनी ती गच्च बुजली होती. वरच्या अंगाला पाणी साचायचं, काळ्या मातीत चाकं रुतायची, म्हणून लोक बाजूनं गाड्या काढत गेले. खऱ्या रस्त्यावर चाक फिरेना, मग तणाला रान मोकळं मिळालं.

खालच्या तोंडातून गाळ उकरत गेलो. आधी नुसता ओलावा सुटला, मग बोटभर धार आली. तेवढ्यात आतून काळ्या गाळाचा गोळा भसकन बाहेर पडला आणि साचलेलं पाणी नालीनं धावत सुटलं. कडेला उभं राहून बघणारा शेजारी न बोलता फावडा घेऊन आला आणि पुढची नाली मोकळी करू लागला. "इथून पाणी गेलं तर माझ्या धुऱ्यावर कोण कशाला येते?" एवढंच म्हणाला.

त्या दिवशी माझं मत पक्कं झालं: रस्त्यावरचं तण काढायचं असेल तर आधी पाण्याची वाट शोधावी. नाली तुंबलेली ठेवून कितीही गवत कापा, पुढच्या पावसाळ्यात तेच काम.

रायमुनियाची खोडं टिकासानं जमिनीखाली खोल तोडून मुळं उलटी करून ठेवली. बेशरमचे तुकडे उन्हात मुरमावर पसरले, कारण ओल्यात कांडी पडली की रुजलीच.

संध्याकाळी काकाजी आले. कडेचा तरोटा, म्हणजे टाकळा, उभा पाहून म्हणाले, "हा कशाला ठेवला?" तरोटा दाट असला की गाजरगवताला उठू देत नाही, शेंगा वाळून बी तिथंच पडू द्या, असं सांगितलं. मावशी मागून बोलली, "आणि काकाजी, पावसाच्या सुरुवातीला कोवळी भाजी होते न त्याची." काकाजींनी तो ठेवला, आणि पुढच्या जूनमध्ये पहिला पाऊस पडला की आधी मोरी पाहायची, मग बाया लावायच्या, हे तिथंच ठरवून टाकलं.