शंभर मीटरमधले दोन सेकंद

आमच्या माण तालुक्यात पळणं म्हणजे लांब पळणं. मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाल्या, तेव्हा मी सातवीत होते. त्यानंतर आम्ही पोरी पहाटे डांबरी रस्त्यानं पळायला लागलो. त्यामुळे पोलीस भरतीची तयारी सुरू केली तेव्हा मला ८०० मीटरचं काही वाटत नव्हतं. धडकी भरायची ती शंभर मीटरची.

मुलींच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात. ८०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. शंभर मीटर १४ सेकंदांत मारले की पैकीच्या पैकी, तिथून पुढे एकेका सेकंदाला गुण गळतात. माझी वेळ होती १६.८. चार किलोचा गोळा जायचा ४.७० मीटर, आणि पूर्ण गुणांसाठी सहा मीटर लागतात.

पहिले पाच महिने मी एका अकॅडमीत घालवले. तिथं रोज पंधरा वेळा शंभर मीटर, मध्ये फक्त चालत परत येण्याएवढी उसंत. दहाव्या फेरीनंतर उलट्या व्हायच्या. संध्याकाळी पुन्हा पाच किलोमीटर. जो जास्त दमतो त्याचा सराव चांगला, असं सगळेच धरून चालले होते, मीही. पाच महिन्यांनी वेळ आली १६.६ आणि उजव्या मांडीची मागची शीर धरली. तीन आठवडे जिना उतरताना कठड्याला धरून उतरत होते.

त्याच काळात गावातल्या सरांकडे गेले. निवृत्त क्रीडाशिक्षक, तरुणपणी वेटलिफ्टिंग केलेले. त्यांनी माझी वही पाहिली, शेवटच्या फेऱ्यांच्या वेळा विचारल्या. मी सांगितलं, "एकोणीस सेकंद, सर."

"मग पोरी, तू पाच महिने हळू पळायचाच सराव केलास की."

हे वाक्य मला आधी लागलं, मग पटलं. त्यांनी समजावलं ते असं: जोरात पळताना स्नायू जे तात्काळचं इंधन वापरतात ते काही सेकंदांत संपतं आणि पुन्हा भरायला मिनिटं लागतात. ते भरायच्या आत पळालो तर शरीर वेग शिकत नाही, दम काढायला शिकतं. त्यांचा हिशेब साधा होता, दर दहा मीटरला एक मिनिट विश्रांती. तीस मीटर पळायचं, तीन मिनिटं बसायचं. अशा सहा फेऱ्या. वेळ वाढायला लागली की त्या दिवशी घरी.

बसणं फार अवघड गेलं. मैदानाच्या कडेला लिंबाचं झाड आहे, त्याखाली मी तीन मिनिटं बसायची आणि अपराधी वाटायचं. एकदा आप्पा दूध घालून येताना थांबले. "अगं, पळायला आलीस का बसायला?" मला उत्तर देता आलं नाही. सरांनी त्यांना बोलावून घेतलं, हातात स्टॉपवॉच दिलं आणि म्हणाले, "आता तुम्हीच मोजा."

पण खरा बदल घडला तो तालमीत. सकाळी नऊनंतर तालीम रिकामी असते, तेव्हा सरांकडे येणाऱ्या आम्हा तिघींना वेळ मिळाला. पहिला महिना वजनं लावायच्या लोखंडी बारला हातच लावू दिला नाही. पंधरा किलो वाळूची पिशवी छातीशी धरून बैठका. टाच उचलायची नाही, गुडघे आत पडू द्यायचे नाहीत. मग वीस किलोचा रिकामा बार. मग दर आठवड्याला अडीच किलो, तेही मागचं वजन स्वच्छ उचललं तरच. आठव्या महिन्यात मी साठ किलो खांद्यावर घेऊन तीनदा बसून उठले. माझं स्वतःचं वजन तेव्हा बावन्न होतं. बायकांनी वजन उचललं की अंग जाड होतं, असं शेजारच्या काकी आईला सांगून गेल्या होत्या. माझं वजन सबंध काळात दीड किलोनं वाढलं.

जोर आला तरी तो लगेच वेगात उतरत नाही, हे मला माहीत नव्हतं. पूर्ण वेगात असलेल्या अव्वल धावपटूचा पाय जमिनीवर सेकंदाचा जेमतेम दहावा भाग टेकतो. तेवढ्यात जेवढा जोर लागेल तेवढाच कामाचा. म्हणून वजनाच्या जोडीला उड्या: जागेवरून लांब उडी, ठोकळ्यावर उडी, चार किलोचा गोळा दोन्ही हातांनी खालून पुढे फेकणं. वजन जोर लावायला शिकवतं, उडी तोच जोर झटक्यात लावायला. उड्या मोजक्याच, दिवसाला वीस-पंचवीस, त्याही ताज्या पायांवर. आणि उतरताना पायाचा आवाज आला की ती उडी बाद. "मांजर उतरते तशी उतर," एवढंच सर म्हणायचे. सुरुवातीला माझ्या निम्म्या उड्या बाद व्हायच्या.

सुरुवातीच्या पावलांसाठी त्यांनी फक्कीनं जमिनीवर रेघा आखल्या. पहिली जवळ, पुढची थोडी लांब, त्यापुढची आणखी लांब. मी सवयीनं उठल्या उठल्या ताठ व्हायची आणि पाय पुढे टाकायची. ते म्हणाले, पाय पुढे टाकू नकोस, जमीन मागं ढकल. बैठकांनी मांडीत जोर आल्यावरच हे जमलं. त्याआधी पुढं झुकले की तोल जायचा. एका गुरुवारी सात रेघांवर सात पावलं बरोब्बर पडली, मागं वळून पाहिलं तर फक्की बुटाच्या टोकानं मागच्या बाजूला उडालेली. त्या दिवशीची वेळ मी लिहिलीसुद्धा नाही.

गोळ्याचंही तसंच. मी तो नुसत्या हातानं ढकलायची. मागचा पाय, मग कंबर, मग खांदा, आणि हात सगळ्यात शेवटी, हा क्रम बसला तेव्हा एका महिन्यात अर्धा मीटर वाढला.

८०० मीटर सोडलं नव्हतं. पण ते बुधवारी आणि रविवारी. वेगाच्या दिवशी आधी वेग, दमवणारं काही असलंच तर नंतर.

मध्ये सहा आठवडे वेळ हलेना. सरांनी सराव न वाढवता रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन ९.४ निघालं, म्हणजे कमी. गोळ्या सुरू झाल्या, आईनं मटकी, पालेभाजी आणि रोज दोन अंडी लावली, आणि मी रात्रीचा मोबाईल बंद करून साडेनऊला झोपायला लागले. भरतीच्या मुलींनो, पाळी जास्त जात असेल, पायऱ्या चढताना धाप लागत असेल तर आधी ही तपासणी करा. अकॅडमीत मी याच थकव्याला आळस समजून स्वतःला शिव्या दिल्या होत्या.

चाचणीच्या आधीच्या आठवड्यात सरांनी वजन उचलणं बंद केलं आणि पळणं निम्म्यावर आणलं. मला भीती वाटत होती की सगळं निसटून जाईल. त्या सकाळी मैदानावर उभी राहिले तेव्हा पाय इतके हलके होते की जागेवर राहवत नव्हतं. शंभर मीटर १४.६. गोळा ६.१५. मोजणाऱ्या ताईंनी आकडा मोठ्यानं वाचला, मी पुन्हा विचारला, त्यांनी पुन्हा वाचला. शंभरचे पूर्ण गुण सहा दशांशांनी हुकले, आणि पहिले पाच महिनेही असेच घालवले असते तर, हे अजून मनातून जात नाही.

लेखी परीक्षा झाली, यादीची वाट बघतेय. धाकट्या बहिणीनं आता सुरू केलंय. काल ती तीस मीटर मारून लिंबाखाली बसली आणि मिनिटभरात उठायला लागली.

"अजून दोन मिनिटं आहेत," आप्पा घड्याळावरची नजर न काढता म्हणाले. "बस."